पाडवा ते महाराष्ट्र दिन: आमच्या लहान शाळेबद्दल पालक विचारतात ते प्रश्न

बालाघाटाच्या डोंगराला लागून असलेली आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, दोन खोल्या आणि एक कडुलिंब. होळीच्या आसपास फाटकाशी, पारावर, किराणा दुकानात आणि रात्री उशिरा फोनवर तेच तेच प्रश्न येतात. २०२६ च्या या हंगामात ते एकत्र लिहून काढले आहेत. मोठ्या शाळांना हे दिवस परीक्षेचे असतात. आमचे हे दिवस पटाचे. जूनला वर्गात किती लेकरं बसतील, ते आता पाडवा ते १ मे या सहा आठवड्यांत ठरतं. म्हणून उत्तरं जरा लांबली आहेत, तेवढी गोड मानून घ्या.

सकाळची शाळा कधीपासून?

उन्हाळ्यात सकाळचं सत्र असतं, पण त्याचा आदेश वरून येतो. २०२५ च्या मार्चअखेर राज्यभरासाठी प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ अशी आली होती. यंदाचा आदेश आला की गटावर टाकू आणि फळ्यावरही लिहू. सकाळची शाळा म्हणजे लेकरू उपाशी पाठवायचं असा अर्थ नाही. भाकरीचा चतकोर तुकडा, चहात बुडवून का होईना, पोटात जाऊ द्या. साडेआठला चक्कर येऊन बसलेलं लेकरू दर एप्रिलात एखादं तरी असतंच. डोक्याला टोपी किंवा रुमाल आणि पाण्याची बाटली, एवढं दप्तरापेक्षा महत्त्वाचं समजा.

पाडव्याला सुट्टी असते. मग शाळेत का बोलावता?

यंदा पाडवा १९ मार्चला, गुरुवारी आहे. वर्ग भरणार नाही, पण शाळा उघडी असेल. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ ही मोहीम राज्यात बऱ्याच वर्षांपासून चालते आणि आमच्यासारख्या शाळांना ती मनापासून हवी असते. साडेतीन मुहूर्तांपैकी एक दिवस. माणसं या दिवशी बैल घेतात, दुचाकी घेतात, विहिरीवर मोटार बसवतात. त्याच दिवशी लेकराचं नाव शाळेत घातलं तर बिघडलं कुठं?

सकाळी आठला शाळेची गुढी उभी राहील. साडी गावातल्याच एका घरची, कडुलिंबाचा डहाळा अंगणातल्या झाडाचा, आणि गाठीबरोबर पाटी-पेन्सिल. मग ढोलकी घेऊन फेरी निघेल. ज्यांच्या घरी दाखलपात्र मूल आहे, त्यांच्या दारात आम्ही थांबणारच आहोत, त्यामुळं घरात असाल तर बरं. त्या दिवशी कागद नसले तरी चालतात. नाव लिहून घेतो, कागद मागाहून.

पहिलीला वय किती लागतं?

३१ डिसेंबर २०२६ रोजी सहा वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत. म्हणजे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जन्मलेलं मूल जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. ‘चलाख आहे, घ्या की’ असं म्हणून पाच वर्षांचं लेकरू आणू नका. चलाख असतंच ते, पण पेन्सिल धरताना बोटं दुखतात आणि दुसरीला गेल्यावर ते मागं पडतं. त्याला अंगणवाडीतच ठेवा. अंगणवाडी ताई काय शिकवतात ते एकदा जाऊन बघा, मग बोला.

आमच्या लेकराचा जन्म ऊसतोडीच्या फडावर झाला. जन्माचा दाखला नाही. प्रवेश मिळेल का?

मिळेल. हा प्रश्न आमच्या भागात नवा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा नर्सताईंच्या रजिस्टरमधली नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, आणि तीही नसेल तर आईवडिलांनी लिहून दिलेलं वयाचं प्रतिज्ञापत्र चालतं.

तरीही एक सांगतो. प्रवेश झाला म्हणून दाखल्याचा विषय सोडून देऊ नका. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते. लेकरू सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या गावात जन्मलं असेल तर नोंद तिथल्याच ग्रामपंचायतीत शोधावी लागते. पुढच्या हंगामात त्याच बाजूला जाणार असाल तर कोयता टेकवल्यावर एक दिवस त्या कामाला द्या. दहावीनंतर धावपळ करण्यापेक्षा हे सोपं.

आणि नाव नीट सांगा. लाडाचं नाव, मामानं ठेवलेलं नाव, आधारवरचं नाव अशी तीन-तीन नावं घेऊन लोक येतात. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे नाव, जी जन्मतारीख, जी जात लिहिली जाते ती आयुष्यभर मागं येते. मूल शाळेत शिकत असताना पुरावा देऊन दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्यावर मात्र फार हेलपाटे पडतात.

एप्रिलमधला मेळावा म्हणजे लेकरांची परीक्षा असते का?

अजिबात नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाचणी घेणं कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपये दंड, पुढं प्रत्येक वेळी ५०,०००. खासगी शाळेत ‘इंटरव्ह्यू’ला बोलावलं तर हे आकडे लक्षात असू द्या.

आमचा असतो तो शाळापूर्व तयारी मेळावा, ‘पहिले पाऊल’. राज्यात २०२२ पासून सुरू झाला. एक मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. पटांगणात सात टेबलं मांडतो. पहिल्यावर नोंदणी. मग दोरीवरून चालणं, चेंडू झेलणं. वस्तूंचे गट लावणं. अनोळखी माणसाशी बोलणं, घरातल्यांची नावं सांगणं. चित्र बघून गोष्ट सांगणं. खडे मोजणं, कमी-जास्त ओळखणं. शेवटचं टेबल आईसाठी. मुलाला काय जमतं आणि कशात थोडी मदत हवी, ते विकासपत्रावर लिहिलेलं असतं, आणि ते त्या टेबलावर समजावून सांगितलं जातं.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. एप्रिल ते जून गल्लीतल्या चार-पाच आयांचा एक गट होतो. आठवड्याला एक कार्ड येतं, त्यावर घरातच करायच्या चार गोष्टी असतात: भाकरी थापताना गोळे मोजायला लावा, ज्वारीत मिसळलेली तूर निवडायला द्या, असल्या. ज्या आयांना स्वतःला लिहिता येत नाही त्या हे काम सगळ्यात चांगलं करतात, असा आमचा अनुभव आहे. लिहिता येणाऱ्या आया लगेच मुळाक्षरं गिरवायला बसवतात आणि लेकरू पळून जातं.

मेळाव्याला वडील आले तर आम्हाला आनंदच आहे. आजवर येतात ते बाजूला उभे राहून फोटो काढतात.

कारखान्याचा पट्टा पडलेला नाही, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपलेला नाही. आम्ही एप्रिलशिवाय येत नाही. पोराचं वर्ष वाया गेलं का?

नाही गेलं. दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव गाडीत बसतं आणि शिमगा उलटल्यावर परत येऊ लागतं; शाळेला हे वेळापत्रक पाठ आहे. तुम्ही कोणत्या गटात आहात ते बघा.

आजी-आजोबांकडे मूल ठेवून गेलात: ते हंगामी वसतिगृहाच्या यादीत आहे, शाळेत येतंय, परीक्षा इतरांसारखीच. काळजी नको.

मूल बरोबर नेलंत आणि जाताना शिक्षण हमी कार्ड नेलंत: तिथल्या शाळेत ते कार्ड दाखवून बसवलं असेल, तर तिथली हजेरी आणि नोंदी घेऊन या. त्यांचा आम्ही विचार करतो.

मूल बरोबर नेलं आणि कार्डही नेलं नाही: मग आल्या आल्या, घराचं कुलूप काढल्यावर दुसऱ्या दिवशी, त्याला शाळेत पाठवा. ‘आता काय राहिलंय, जूनलाच पाठवू’ असं करू नका. त्या तीन-चार आठवड्यांत आम्ही त्याला वाचायला बसवतो, संकलित चाचणी घेतो आणि वयानुसार पुढच्या वर्गाची तयारी करून घेतो. फडावर राहिलेल्या पोराला मोजमाप, वजन, पैशाचा हिशेब वर्गातल्या पोरांपेक्षा चांगला येतो. अडतं ते वाचनावर, आणि ते महिन्याभरात सुटू शकतं. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा, हिशेब वाचून दाखवणारं पोरगं घरात असलं तर किती फरक पडतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पुढच्या दसऱ्याला जाण्याआधी कार्ड मागायला या. नाही आलात तर आम्ही गाडीपाशी येऊ.

शाळा बंद होणार म्हणतात. खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून उत्तर सावकाश.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयानं वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले होते. तेव्हाच्या आकडेवारीत राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं शिकत होती. नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत यांची नावं होती. चार-पाच वाड्यांची मुलं गाडीनं एका मोठ्या शाळेत आणायची, तिथं खोल्या, ग्रंथालय, क्रीडांगण सगळं द्यायचं, ही कल्पना कागदावर वाईट नाही. पण आमच्या वस्तीवरून पहिलीची पोरगी ओढा ओलांडून गाडीपर्यंत रोज जाईल का, याचं उत्तर कागदावर मिळत नाही. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियमही त्याच शासनाचा आहे.

आमच्या शाळेला बंद करण्याचं कोणतंही पत्र आलेलं नाही. पण पट घसरला की आधी पदं जातात. साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, हे कायद्यातलं प्रमाण. वीसच्या खाली गेलात की दुसऱ्या कायम शिक्षकाचं पद धोक्यात येतं, हे २०२४ पासूनच्या शासन निर्णयांत दिसलं आहे. आणि पाच वर्ग एका माणसावर आले की पालक मुलं काढतात, मग पट आणखी घसरतो.

संच मान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवण्यासाठी, पट मोजला जातो ३० सप्टेंबरचा, तोही आधार जुळलेल्या मुलांचा. पण सप्टेंबरमध्ये दिसणारी मुलं एप्रिलमध्येच कुणाच्या तरी व्हॅनमध्ये बसायचं की शाळेत यायचं ते ठरवून मोकळी झालेली असतात. त्यामुळं ‘शाळा बंद होणार का’ हे आम्हाला विचारण्यापेक्षा पाडव्याच्या आधी शेजारच्या घरी जाऊन विचारा.

तालुक्याची इंग्रजी शाळा व्हॅन पाठवते. तुमच्याकडे काय आहे?

व्हॅन नाही. टाय नाही. बाकी बोलू.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून शिकवतात. आमची चौथीची मुलं इंग्रजीत स्वतःबद्दल पाच-सहा वाक्यं बोलतात, आणि त्यांचा अर्थही सांगतात. एप्रिलमध्ये कोणत्याही दिवशी येऊन वर्गात मागं बसा. आधी कळवू नका, म्हणजे आम्हालाही नटूनथटून बसता येणार नाही. मग त्या दुसऱ्या शाळेतही असंच बसायला मागा. बसू देतात का ते बघा.

दोन पालकांनी मुलं काढून नेली आणि परत आणली, तेव्हा त्यांनी फीचं कारण सांगितलं नाही. घरी अभ्यास घेणारं कुणी नव्हतं, पुस्तक कुणालाच वाचता येईना, हे कारण होतं. ज्या घरात इंग्रजी वाचणारं माणूस आहे त्यांनी तिकडं जावं, आमचं काही म्हणणं नाही.

खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या सोडतीत नाव आलं तर?

तुमचा हक्क आहे, जरूर घ्या. २०२४ मध्ये शासनानं या जागांना कात्री लावणारी दुरुस्ती केली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द केली. फक्त सोडतीचा निकाल लागेपर्यंत इथं नाव घालून ठेवायला हरकत नाही. मात्र दोन्ही शाळांच्या पटावर एकच मूल ठेवू नका. आधार जुळवताना दोघांचीही अडचण होते.

पहिलीपासून हिंदी आली का?

पहिलीपासून हिंदी शिकवण्याबद्दलचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे दोन्ही निर्णय शासनानं २९ जून २०२५ ला मागं घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमच्या पहिलीत मराठी, इंग्रजी आणि गणित चालू आहे. हिंदी मुलांना टीव्ही शिकवतो, तो भाग वेगळा.

गॅदरिंग यंदा आहे का?

आहे. फाल्गुनात घेतो, कारण जानेवारीत घेतलं तर निम्मे आईबाप फडावर असतात. एप्रिलला सगळे परततात, पण तेव्हा परीक्षा. म्हणून मधलीच एक संध्याकाळ धरतो. तारीख शाळा व्यवस्थापन समिती ठरवेल.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. गाणी मुलं निवडतील, पण शिक्षक ऐकून पास करतील. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरच्या रीळ बघून जे नाच बसवले जात होते, ते पाचवीच्या मुलीला शोभत नाहीत. यंदा भारूड, वासुदेव, गोंधळ, ऊसतोडीवरची नाटिका आणि एक इंग्रजी संवाद बसवतोय. ड्रेस भाड्यानं आणायची सक्ती नाही. आजीचं लुगडं आणि आजोबांचा पटका यांच्यासमोर भाड्याचे चमकी कपडे फिके पडतात. स्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद. बक्षीस म्हणून स्टेजवर नोटा ओवाळू नका. द्यायचेच असतील तर समितीकडे द्या, पावती मिळेल.

होळीला रंग खेळू देता का?

देतो, पण दुकानातला चंदेरी रंग शाळेत चालत नाही. आमच्या डोंगरात फाल्गुनात पळस पेटलेला असतो. मुलं झाडाखाली पडलेली फुलं गोळा करून आणतात, रात्रभर पाण्यात भिजवली की सकाळी केशरी पाणी तयार. उकळलं तर रंग आणखी गडद होतो. फांद्या तोडून आणलेल्या फुलांचा रंग आम्ही ओततो आणि त्या पोराला त्या दिवशी पाणी भरायला लावतो. होळीत लाकूड टाकत नाही. पाचट, गोवऱ्या आणि मैदानातला कचरा पुरतो.

आनंद बाजारात काय विकायला द्यायचं?

घरचं द्या. मेथीच्या जुड्या, कोथिंबीर, चिंचा, लिंबं, उकडलेल्या शेंगा, कैऱ्या आल्या असतील तर कैऱ्या. पाकिटातले कुरकुरे विकत आणून विकायला देऊ नका. मागच्या वेळी अर्धा बाजार त्यांनीच भरला होता आणि मुलांनी एकमेकांचंच खाल्लं.

भाव मुलालाच ठरवू द्या. गिऱ्हाईक म्हणून आलात तर घासाघीस करा, मुद्दाम पन्नासची नोट द्या आणि सुट्टे परत मागा. तिसरीच्या गणिताची याहून चांगली परीक्षा आम्हाला माहीत नाही. संध्याकाळी खर्च, विक्री आणि नफा वहीत लिहून घेतो. तोटा झाला तर भरून देऊ नका.

मार्च-एप्रिलमध्ये शाळेत कोणते दिवस साजरे होतात?

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला विज्ञान दिन होऊन गेले. १० मार्च सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या, हे पाचवीची मुलं नाटकातून दाखवणार आहेत. २३ मार्च शहीद दिन. २२ मार्चचा जलदिन रविवारी येतो, म्हणून शनिवारीच गावातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायला जाणार. पोहणारा एक मोठा माणूस बरोबर हवा आहे.

११ एप्रिलकडे यंदा विशेष लक्ष द्या. जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ चा, म्हणजे या ११ एप्रिलला त्यांचं दोनशेवं वर्ष सुरू होतं. ११ ते १४ एप्रिल, बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत, रोज परिपाठानंतर एक तास वाचन. गावातल्या कुणालाही येऊन वाचून दाखवता येईल. भाषण नको, वाचन. भाषणं गावात भरपूर होतात.

पाचवीला नापास करतात का आता?

हो, नियम बदलला आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा. त्यातही जमलं नाही तर मूल पाचवीतच राहतं. पण आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही. पहिली ते चौथीला पूर्वीसारखंच, वर्षभराच्या नोंदी आणि दोन संकलित चाचण्या, निकाल श्रेणीत.

घाबरण्यासारखं काही नाही. जी मुलं रोज येतात ती पास होतात. गैरहजेरी जास्त असलेल्यांच्या घरी आम्ही होळीच्या आधीच येऊन गेलो आहोत, त्यांना माहीत आहे.

शिष्यवृत्ती परीक्षा कोणत्या वर्गाला?

गोंधळ होणं साहजिक आहे. आधी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय घेतला. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण: एकात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. चौथीच्या सरावासाठी शाळा सुटल्यावर एक तास थांबवतो, त्याचे पैसे नाहीत. बाजारातली जाडजूड गाइडं घेऊ नका, जुन्या प्रश्नपत्रिका शाळेत आहेत.

सकाळच्या शाळेत खिचडी मिळते का?

मिळते, शाळा सुटायच्या आधी. पहिली ते पाचवीच्या मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ आणि एकूण ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब असतो. उन्हाळ्यात भाजी मिळणं अवघड होतं, तेव्हा ज्यांच्या मळ्यात काही आहे त्यांनी टोपलीभर आणून दिलं तर स्वयंपाकी ताईंना मोठी मदत होईल.

वाढदिवस, बारसं, नवी विहीर, काहीही निमित्त असो, शाळेत तिथीभोजन देता येतं. पूर्ण जेवणच हवं असं नाही. केळी, शेंगदाण्याचे लाडू, कलिंगड चालेल. केक आणू नका. आदल्या दिवशी सांगा, म्हणजे अन्न वाया जाणार नाही. आणि शिळं, लग्नातलं उरलेलं पाठवू नका. हे लिहावं लागतंय, यावरून समजून घ्या.

शाळेला पैसे येतात ते जातात कुठं?

विचारलंत ते बरं झालं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान पटावर ठरतं: तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. त्यात खडू, वीजबिल, शौचालयाची सफाई, नळाची दुरुस्ती सगळं. पैसे बहुतेक वेळा उशिरा येतात आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, त्यामुळं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षक वर्गापेक्षा बँकेत जास्त दिसले तर कारण हे. खर्चाचा कागद समितीच्या बैठकीत वाचला जातो आणि ऑफिसच्या भिंतीवर लावला जातो. तीसला एकतिसावं मूल आलं की अनुदान अडीचपट होतं, हेही त्याच कागदावर दिसेल.

समितीची बैठक कधी? आम्हाला येऊन काय मिळणार?

मार्च संपायच्या आत एक, निकालाच्या दिवशी एक. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. आमच्याकडे महिला कागदावर निम्म्या आहेत, बैठकीत मात्र त्यांचे नवरे येतात. यंदा सही करायला ज्या सदस्य आहेत त्याच हव्यात. संध्याकाळी सातला ठेवतो, स्वयंपाकाआधी, आणि अर्ध्या तासात आटोपतो. विषय तीन: गळणाऱ्या खोलीचं पत्र, पाण्याची टाकी, गॅदरिंगचा हिशेब.

निकाल कधी? शाळा सोडल्याचा दाखला लगेच मिळेल का?

निकाल १ मेला, झेंडावंदन झाल्यावर. मूल आणि पालक दोघांनी यायचं. सुट्टी २ मेपासून.

पाचवी झालेल्यांनी सहावीला कुठं जायचं ते निकालाआधी ठरवून सांगा. दाखला द्यायला आम्ही उशीर करणार नाही, आणि दाखला मिळायला वेळ लागला म्हणून पुढच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मुलींच्या बाबतीत जरा जास्त बोलतो. पाचवीनंतर शाळा लांब पडते, मग ‘बघू पुढच्या वर्षी’ होतं, आणि तो पुढचा हंगाम पोरीचा फडावर जातो. निकालाच्या दिवशी पाचवीच्या प्रत्येक मुलीच्या घरच्यांशी शिक्षिका स्वतंत्र बोलणार आहेत. दहा मिनिटं हातात ठेवून या.

जुनी पुस्तकं काय करायची?

बरी असतील तर परत आणून द्या. बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, पण जूनच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना पुरतीलच असं नाही. पुस्तक पेढीत संच असला की कुणी रिकाम्या हातानं बसत नाही. पानं फाटली असतील तर फेविकॉल आमच्याकडे आहे.

सुट्टीत अभ्यास देणार का?

वह्या भरायचा अभ्यास नाही. प्रत्येक मुलाला कपाटातली तीन गोष्टींची पुस्तकं घरी मिळतील, आजीला वाचून दाखवायची. दुसरं काम झाडांचं. जुलैत लावलेली रोपं मेमध्येच मरतात. प्रत्येक रोपाला दोन मुलांची जोडी आहे, तळाला भोक पाडलेली बाटली आहे. आठवड्यातून दोनदा ती भरायची. टँकर आला की शाळेच्या हौदात एक बॅरल टाकावं, असं ग्रामपंचायतीला पत्र दिलंय.

जूनला शाळा कधी उघडते?

विदर्भ सोडून बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला. २०२५ मध्ये १६ जून होती. यंदाची तारीख निकालपत्रावर लिहून देऊ. त्याच दिवशी दुसरा मेळावा, पुस्तकं आणि गोड जेवण असेल.

फोन नंबर बदलला तर?

लगेच कळवा. ऊसतोडीला जाताना दर वर्षी नवं सिम घेता आणि जुना नंबर मुकादमाकडे लागतो. निदान गावातल्या एका नातेवाइकाचा, जो इथंच राहतो अशाचा, नंबर शाळेच्या वहीत लिहून जा. वही ऑफिसच्या टेबलावर, डाव्या बाजूला असते.